चंद्रावरचा शेपटीवाला खड्डा

शुक्ल पक्षात छापखान्याच्या गच्चीवर संध्याकाळी सातनंतर पाय ठेवायला जागा नसे. ज्यांचा नंबर होता ते रांगेत, ज्यांचा नव्हता ते कठड्याला टेकून, आणि ज्यांचं काम मागच्या महिन्यात होऊन गेलं होतं ते नव्या मंडळींना धीर द्यायला. मधोमध तिपाईवर पांढरी लांबडी दुर्बीण. तिच्या पायाशी पाण्याने भरलेली बादली, बादलीशेजारी दगडगोट्यांची टोपली, आणि टोपलीशेजारी खुर्चीत उल्काबाबा.

"वर बघा," उल्काबाबा म्हणत. सगळे वर बघत. अर्ध्याच्या थोडा पुढे गेलेला चंद्र समोरच्या इमारतीच्या टाकीवर आलेला असे. "तोंड बघा त्याचं. किती व्रण. कुणाचा मार खाल्लाय त्याने? तुमचा. प्रत्येक घराकडे आभाळातून एक धोंडा निघालेला असतो. कुणाचा दहा वर्षांनी पोचतो, कुणाचा उद्या सकाळी. पोचला की तुम्ही म्हणता, दुखणं आलं. डॉक्टर दुखण्याला औषध देतो. धोंड्याला काय देणार? मी काही देत नाही, घेत नाही. मी फक्त चौकातल्या पोलिसासारखा हात दाखवतो. इकडे नको रे बाबा, तिकडे जा."

"आणि धोंडा ऐकतो?" मागून कुणीतरी विचारी.

"बायको ऐकत नाही. धोंडा ऐकतो."

गच्ची हसे. हसलेली गर्दी निम्मी आपली झालेली असते, हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. उरलेल्या निम्मीसाठी त्यांच्याकडे प्लास्टिकमध्ये मढवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण होतं. तीसेक वर्षांपूर्वी एका धूमकेतूचे तुकडे एकामागून एक गुरू ग्रहावर आदळले आणि तिथे पृथ्वीएवढाले काळे डाग पडले, अशी ती बातमी. बातमी खरी होती. बाबा ती हातोहात फिरवत आणि म्हणत, "हे मी नाही, शास्त्रज्ञ सांगतायत." त्या धूमकेतूला कुणी हात दाखवला होता, हे मात्र ते सांगत नसत, नुसते मंद हसत.

मग ज्याचा नंबर असेल तो पुढे येई. आधी दुर्बिणीतून बघायचं. चंद्र स्वच्छ. मग टोपलीतला एक गोटा उचलायचा, त्याला आपलं दुखणं सांगायचं आणि तो बादलीत टाकायचा. डुबुक. बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, दुर्बिणीला डोळा लावतात तिथली नळी काढून दुसरी बसवत. "ही सूक्ष्मदृष्टीची काच," ते म्हणत. "बघा आता. दुर्बिणीला हात लावू नका, धोंडा बिचकतो."

आणि माणूस बघे, आणि त्याच्या अंगावर काटा येई. चंद्राच्या उजळ अंगावर मघाशी नसलेला, ताजा, काळा खड्डा. खड्ड्याला बारीक शेपूटही. धोंडा कुठल्या बाजूने आला ते दाखवणारी.

आता या गर्दीत एक बाई होती, तिच्याविषयी सांगायला हवं, कारण गोष्ट तिचीच आहे. गल्ली तिला काचवाली म्हणे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती वीस वर्षं भिंगं घाशीत होती. फ्रेमच्या मापाची करून बसवीत होती. शिकायला कुठे गेली नव्हती. हाताखाली राहून, चार भिंगं फोडून, मालकाच्या शिव्या खाऊन शिकली होती. त्यामुळे काचेतलं काही अडलं की गल्ली तिच्याकडे येई. उल्काबाबांची गच्ची सुरू झाली तेव्हाही इस्त्रीवाला कोळशाचा हात पुसत तिच्याकडे आला होता.

"तू काचेतली. खरं सांग, दुर्बीण खरी आहे का?"

"खरी म्हणजे काय," काचवाली म्हणाली होती. "आतली काच मी स्वतः घासून बसवलीय. अस्सल भिंग आहे."

हे खरंच होतं. उल्काबाबा बाबा होण्याआधी नुसता दुर्बीणवाला होता. बागेच्या फाटकाबाहेर उभा राहून लोकांना चंद्र दाखवी. त्याच्या एका डोळ्याच्या नळीतल्या आतल्या भिंगाची कड उडाली होती. ते नीट गोल घासून नव्या कड्यात बसवायचं काम काचवालीनेच केलं होतं. त्यानंतर महिन्याभरात माणसाचा बाबा झाला. तिला वाटलं, आपल्या हाताला यश आलं. हे तिने चार ठिकाणी सांगितलंही. "काचवाली सांगते म्हणजे बघायला नको," असं म्हणत माणसं गच्चीचा जिना चढली. ते ऐकून तिला आतून जरा बरंच वाटे, हेही लपवण्यात अर्थ नाही.

तिने आपल्या ताईलाही नेलं.

ताई शिवणकाम करी. तिचा नवरा गेल्यापासून दोघी बहिणी एकाच घरात राहत. पुढच्या खोलीत ताईचं मशीन, मागे स्वयंपाक. सहा महिन्यांपूर्वी ताईच्या डोळ्यांतला दाब वाढल्याचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले, रोज संध्याकाळी एकेक, न चुकता, जन्मभर. थेंब झोंबत. ताई दर वेळी टेबलाची कड घट्ट धरी. काचवालीला ते बघवत नसे.

गच्चीवर ताईने गोटा बादलीत टाकला, नळीला डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मग बाजूला झाली आणि धाकटीला म्हणाली, "बघ गं. केवढा घाव. माझ्या वाटचा."

काचवालीने बघितलं. काळा खड्डा, बारीक शेपूट. तिचे डोळे भरून आले. त्या खड्ड्यात काहीतरी ओळखीचं वाटलं. जवळच्या माणसाचं दुखणं आहे, म्हणून ओळखीचं वाटत असेल, असं तिने मनाशी ठरवलं.

घरी आल्यावर ताईने सवयीने थेंबाची बाटली घेतली. काचवाली म्हणाली, "राहू दे गं. पडला ना तो धोंडा तिकडे. आता कशाला झोंबवून घेतेस?"

ताईने बाटली ड्रॉवरमध्ये ठेवली. सुया, बटणं आणि मोजपट्टीच्या जोडीला.

चार महिने गेले. दुखलं काही नाही. हाच त्या दाबाचा खोटारडेपणा. ताई खुशीत होती. फक्त डाव्या हाताचा कप तिच्याकडून दोनदा कलंडला. दाराच्या चौकटीला खांदा लागला. मग एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची डावी बाही चक्क वाकडी जोडली गेली, आणि ती उसवताना ताई म्हणाली, "मला दिसलंच नाही गं तिथे."

काचवालीने तो सदरा तिच्या हातातून काढून घेतला. दुसऱ्याच दिवशी ती ताईला घेऊन दवाखान्यात गेली.

तिथे एका पांढऱ्या गोल भांड्यात तोंड घालून बसायचं असतं. आत कुठे ना कुठे बारीक उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. काचवाली मागे उभी होती. यंत्र टिकटिक करी, ताई बटण दाबी. टिक, बटण. टिक, बटण. मग टिक, आणि काहीच नाही. पुन्हा टिक, काहीच नाही. ताई शहाण्या मुलीसारखी ताठ बसून पुढच्या उजेडाची वाट बघत होती, आणि उजेड तिच्यासमोरून येऊन जात होते.

निकालाचा कागद आला. डाव्या डोळ्याच्या गोलात एका कडेला काळा डाग होता.

"थेंब कधी बंद केले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ताईने धाकटीकडे बघितलं. "चार महिने झाले," काचवाली म्हणाली.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"धोंडा चंद्रावर पडला ना," ताई हळूच म्हणाली. स्वतःलाच ते ऐकू आल्यावर तिने मान खाली घातली.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं, असं काचवालीला वाटून गेलं. "हे गेलेलं परत येत नाही," त्या म्हणाल्या. "उरलेलं राखायचं. थेंब आजपासून सुरू." मग चष्मा काढून पुसत त्यांनी विचारलं, "या खड्ड्याला शेपूट होती का हो? डावीकडे?"

"तुम्हाला कसं कळलं?" काचवालीने विचारलं.

"या महिन्यात आमच्या दवाखान्यात तुम्ही तिसऱ्या. एकाची किडनी, एकीचा दमा, तुमचा डोळा. सगळ्यांचे धोंडे एकाच जागी, एकसारखी शेपूट घेऊन पडतायत. फार शिस्तीचे दिसतात." त्या हसल्या नाहीत. "गुरूवर डाग पडले ते खरे होते. पण ते जगभरातल्या माणसांनी आपापल्या दुर्बिणींतून पाहिले. तुमचा खड्डा दुसऱ्या कुणाच्या दुर्बिणीतून दिसला का? एवढं तरी विचारायचं होतं."

दोघी चालत घरी निघाल्या. रस्ता ओलांडताना ताई नेहमीसारखी काचवालीच्या डाव्या बाजूला होती. काचवाली मागून फिरून तिच्या डाव्या बाजूला आली. ताईच्या ते लक्षात आलं.

त्या दुपारी काचवालीने एक साधं काम केलं, जे चार महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. दुकानातल्या पावतीपुस्तकाचे कोरे कागद फाडले आणि गल्लीत फिरली. "तुमचा खड्डा काढून दाखवा बरं." इस्त्रीवाल्याने काढला, त्याने साखरेच्या गोळ्या सोडल्या होत्या. न्हाव्याच्या आईने काढला. छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने काढला. एकाने काढलेलं दुसऱ्याला तिने दाखवलं नाही. सात कागद घेऊन ती मागच्या खोलीत आली, टेबलावर ओळीने मांडले. सात वेळा तोच स्वल्पविराम. सातही शेपट्या डावीकडे.

मालकाने आवाज दिला, "बाई, तो जाड नंबरचा चष्मा आजच द्यायचाय." तिने भिंग घेतलं. घासण्याआधी भिंगाच्या नेमक्या मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा असतो, म्हणजे सगळीकडून सारखं घासलं जातं. काम झालं की तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. ही शाई पाण्याने जात नाही. तिने ठिपका दिला आणि पेन उचललं.

काचवाली डावखुरी होती. पेन उचलताना तिचा हात डावीकडे जाई, आणि ठिपक्याला एक बारीक शेपूट सुटे. मालक वीस वर्षं तिला हसत आला होता, "बाई, तुमच्या ठिपक्याला शेपूट फुटते."

तिने भिंग उजेडात धरलं. मग टेबलावरच्या सात कागदांकडे बघितलं.

त्या दिवसाचं तिला सगळं आठवलं. दुर्बीणवाल्याचं भिंग गोल घासून झालं होतं. कड्यात बसवलं होतं. बोळा हातात होता. तेवढ्यात दवाखान्यातून ताईचा फोन आला, डोळ्यांत दाब निघालाय म्हणून, आणि ती तशीच धावली. मागे मालकाने नळी बंद करून गिऱ्हाइकाला देऊन टाकली. आतल्या भिंगावरच दुर्बिणीतलं चित्र उमटतं. तिथे धुळीचा कण असला तरी तो चित्रातलाच वाटतो. ठिपका पुसायचा राहिला होता.

म्हणजे चंद्रावर जे दिसलं, जे ओळखीचं वाटलं, ज्याच्यासमोर तिने डोळे पुसले, ते तिचंच होतं. तिचा हात, तिची शाई, तिचा विसर.

तिला पहिला विचार काय आला, तेही सांगायला हवं, कारण तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट प्रामाणिक होणार नाही. पहिला विचार आला तो हा, की स्पिरिटचा बोळा पदराआड घेऊन जावं, बाबाची नजर चुकवून पुसून यावं. उद्यापासून खड्डा दिसणार नाही, बाबा तोंडावर पडेल, आणि आपलं नाव कुठेच येणार नाही. अर्धा तास ती या विचारात बसली. जाड नंबरचा चष्मा तसाच राहिला.

संध्याकाळी घरी ताई उशीचे अभ्रे शिवत होती.

"ताई, तो ठिपका माझा होता."

"कुठला?"

"चंद्रावरचा."

मशीन थांबलं. काचवालीने सगळं सांगितलं. ताईने मध्ये एकदाही टोकलं नाही. दोऱ्याचं टोक दातांनी तोडून ती म्हणाली, "म्हणजे मी चार महिने तुझ्या शाईला हात जोडले."

"हो."

"आणि थेंब ठेवून दे, हे बाबा नाही म्हणाला. तू म्हणालीस."

"हो."

"त्याने सांगितलं असतं ना, तर दोन दिवसांनी मला शंका आली असती," ताई म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून आली नाही."

काचवाली जमिनीकडे बघत राहिली. फरशीच्या फटीत एक टाचणी अडकली होती. ती काढायला ती वाकली, तशीच बसून राहिली.

"गच्चीवर माणसं किती असतात?" ताईने विचारलं.

"साठ-सत्तर."

"मग साठ-सत्तरांना सांग. मला एकटीला सांगून मोकळी होऊ नकोस." आणि तिने हातातला पांढरा अभ्रा घडी करून पिशवीत टाकला. "मीही येते."

दुसऱ्या दिवशी गच्ची भरलेलीच होती. कात्रण फिरून झालं होतं, बायकोचा विनोद होऊन गेला होता. नंबर एका म्हाताऱ्या शिपायाचा होता. त्याचा गोटा बादलीत पडला, नळी बदलली गेली, आणि काचवाली रांग मोडून पुढे आली.

"बाबा, मी जरा बघते."

"बघा की," उल्काबाबा लोकांकडे वळून म्हणाले, "काच हिनेच बसवलीय बरं का. हिलाच विचारा."

"तेच सांगायला आलेय," काचवाली म्हणाली. तिने नळीला डोळा लावला. खड्डा होता. तिने दुर्बिणीला एक बोट लावलं आणि हळूच ढकललं.

"हात नको," बाबा उठले. "धोंडा बिचकेल."

"धोंडा नाही बिचकला. चंद्रच सरकला. इस्त्रीवाले दादा, तुम्ही या. बोट लावून ढकला आणि सांगा काय दिसतं."

इस्त्रीवाला बिचकत पुढे आला. डोळा लावला, बोट लावलं. "चंद्र चाललाय," तो म्हणाला. "चंद्र चाललाय, आणि खड्डा जागच्या जागी आहे." त्याने डोळा काढला, नुसत्या डोळ्यांनी वर बघितलं, पुन्हा लावला. "अहो, खड्डा चंद्राच्या बाहेर पडला."

"चंद्रावर असता तर चंद्राबरोबर गेला असता," काचवाली म्हणाली. तिने नळी काढून घेतली. बाबांनी हात पुढे केला, पण तोवर म्हातारा शिपाई मध्ये येऊन उभा राहिला होता. ताईने जिन्यावरच्या दिव्यासमोर पांढरा अभ्रा ताणून धरला. "या एकेक जण. नळीतून या कापडाकडे बघा. इथे चंद्र नाही. इथे ताईचा अभ्रा आहे."

माणसं एकेक करून आली. प्रत्येकाला उशीच्या अभ्र्यावर आपला खड्डा दिसला. शेपटीसकट.

मग तिने नळी उघडली, आतलं भिंग काढलं, स्पिरिटचा बोळा फिरवला, पुन्हा बसवलं. "आता बघा."

स्वच्छ पांढरं कापड.

"ठिपका माझा आहे," ती म्हणाली. मान वर झाली नाही. "काच घासताना देतात तो. पुसायचा राहिला, चूक माझी. तुम्ही विचारायला आलात तेव्हा भिंग अस्सल आहे एवढंच मी सांगितलं; एकदाही उघडून बघितलं नाही. लोक माझ्या शब्दावर जिना चढतात, याचं मला बरं वाटत होतं. माझ्या ताईचे थेंब मी बंद केले. तिला आता डावीकडचं नीट दिसत नाही. ज्यांनी ज्यांनी गोळ्या, औषधं सोडली असतील त्यांनी उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. मला काय बोलायचं ते नंतर बोला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साठ-सत्तर माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती. इस्त्रीवाला एवढंच म्हणाला, "आम्ही तुला विचारलं होतं गं." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

उल्काबाबा खुर्चीत बसले होते. बाबापण उतरलेला तो आता पुन्हा बागेबाहेरचा दुर्बीणवाला दिसत होता. "औषध सोडा असं मी कुणालाच म्हणालो नाही," तो पुटपुटला.

"धोंड्याला औषध नाही, असं म्हणायचास," ताई म्हणाली. "पुढचं आम्हीच लावून घेतलं. ते आमचं. पण नळ्या दोन होत्या आणि बदलत तू होतास. ते तुझं."

त्याने बादलीतला एक गोटा काढून टोपलीत टाकला. "पहिल्या दिवशी तो डाग दिसला तेव्हा मीही हात जोडले होते," तो म्हणाला. "खरं सांगतो. रडलो होतो. दुसऱ्या दिवशी काच पुसायला घेतली, उजेडात धरली, आणि कळलं." त्याने काचवालीच्या हातातल्या नळीकडे बघितलं. "मग पुसली नाही."

चूक आणि लबाडी यांच्यात अंतर असतं ते एवढंच. बोळा हातात असतो, आणि माणूस पुसत नाही. काचवालीही आदल्या दिवशी अर्धा तास त्याच जागी बसून आली होती. म्हणून त्याला शिव्या द्यायला तिची जीभ उचलली नाही.

नंतर तिने वाचनालयातून एक पुस्तक आणून वाचलं. चंद्रावरचे खड्डे खरेच दगड आदळून झालेले आहेत. पण त्यातले बहुतेक, पृथ्वीवर पहिलं घर बांधलं जाण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीचे. तिथे वारा नाही, पाऊस नाही, म्हणून बुजले नाहीत, एवढंच. मंगळावर आहेत, बुधावर आहेत. आजही लहानसहान दगड चंद्रावर आपटतात, क्षणभर उजेड चमकतो, आणि तो टिपायला माणसं कॅमेरे लावून बसतात. एकाला दिसलं की ती दुसऱ्याला विचारतात, तुझ्याकडून दिसलं का? दोघांना दिसलं तरच मानतात. त्या दगडांना कुणाचं घर ठाऊक नसतं, कुणाचा दमा, कुणाची साखर. ते कुणासाठी पडत नाहीत आणि कुणासाठी वळत नाहीत.

तेव्हा तुम्हाला कुणी काही अद्भुत दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्याच हाताचं एक बोट दुर्बिणीला लावून बघा. हात लावू नका असं कुणी म्हणालं, तर नक्की लावा. शेजाऱ्याला काय दिसलं ते कागदावर काढायला सांगा. आणि भरवशाचं, आपल्या मायेचं माणूस सांगत असेल, तर त्याला एकदा जास्त विचारा. कारण त्याचं आपण न तपासता ऐकतो. काचवालीला कुणी तसं विचारलं असतं, तर ती आधी रागावली असती. पण नळी उघडली असती.

आता रोज संध्याकाळी ताई खुर्चीत मान मागे टाकून बसते, टेबलाची कड धरते. काचवाली बाटली घेऊन उभी राहते. बाटली तिच्या डाव्या हातात असते. ताई उजव्या डोळ्याने तिच्याकडे बघत असते. डाव्या डोळ्यात जेवढं उरलंय तेवढ्यानेही.

"सरळ टाक गं," ताई म्हणते. "शेपूट नको."